शेऱ्याचा रकाना

खालची वाडी म्हणाली, पन्नास असतील.
मधली म्हणाली सत्तर, शिवाय
दिवसाढवळ्या चुलीवरनं भाताचं टोप नेल्याची तक्रार.
खारवीवाड्यात जाळं सांधता सांधता
मोतीराम पालशेतकर मान वर न करता म्हणाला,
"लिवा दीडशे. कमी लिवलंव तर भरपाई नाय."

शाहीन मुकादमनं तिन्ही आकडे पेन्सिलीनं लिहिले.
दाभोळची पोरगी, पायात भावाचे बूट,
गळ्यात सरकारी दुर्बीण, चार दिवसांच्या बोलीवर.
आणि मी तिचा वाटाड्या,
कारण केलडी आगरात कुठनं शिरतात
हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक?
सतरा वर्षं हाकलतोय.
गलोल झाली, पत्र्याचे डबे झाले,
बुजगावण्याला मेव्हण्याचा मस्कतचा शर्ट घातला,
त्याची बटणं त्यांनी एकेक करून चाखली.
आता पाइपाची बंदूक आहे,
कार्बाइडची चिमूट, घोटभर पाणी,
बार असा की शेजारची म्हैस दूध चोरते.

पहिल्या दिवशी खाली, चिंचेपाशी.
"ती बघा," शाहीन कुजबुजली,
"उजवा हात कोपरापासून नाही."
मला माहीत होती. विजेच्या तारेवर जळला तो.
पोटाशी पिल्लू, आणि तीन पायांवर
या फांदीवरनं त्या फांदीवर.
मी तिला थोटी म्हणतो, आणि दगड
जरा बाजूला मारतो. हे घरी सांगितलेलं नाही.
एक फाटक्या कानाचा. एक म्हातारी,
मधोमध भांग, शाळेतल्या बाईंसारखा.
तेवीस.

दुसऱ्या दिवशी मधल्या वाडीत, फणसावर,
थोटी, फाटका कान. तेवीस.
तिसऱ्या दिवशी खारवीवाड्यात,
सुकत घातलेल्या बोंबलांच्या वर, देवळाच्या कौलांवर
म्हातारी बसलेली, गालाच्या पिशवीत कुणाची तरी चवळी.
तेवीस.

शाहीननं खोडरबर काढलं.
दोनशे सत्तर पुसायला वेळ लागला नाही.

"सड्यावर दुसरी टोळी असंल," मी म्हणालो.
चौथ्या दिवशी चढलो.
किंजळ आणि ऐनाची राई होती तिथं
चिऱ्याची खाण, त्यापुढं काजूची कलमं, तारेचं कुंपण,
मुंबईच्या नावाची पाटी.
एक वाळलेली लेंडी, तीही कोल्ह्याची.

खाणीच्या कडेला डबा उघडून ती म्हणाली,
जगातल्या जनावरांची एक यादी असते, पायऱ्या असतात,
आणि तुमचं केलडं पायरी उतरलंय.
आता त्याच्यापुढं लिहितात, असुरक्षित.
मला हसू फुटलं.
"ह्या पावसात चारशे शहाळी खाली पाडली त्यांनी.
असुरक्षित मी हाय, मी!"
ती हसली नाही, वादही घातला नाही.
आंबोळीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला.
"दोन्ही असू शकतं, चाचा."

मला तेव्हा आमचे गणपती आठवले.
त्या दिवसांत कुणी मोजायला आला
तर पडवीपडवीत चपलांचे ढीग बघून लिहील,
गाव भरलेलं आहे, चिंता नसावी.
गौरी गेल्या की कुलपं.
पटावर पाच मुलं, त्यातली दोन माझ्या भावाची.
हे तिला बोललो नाही.

उतरताना तिनं विचारलं, शेऱ्यात काय लिहू?
लिही, म्हटलं, नारळ गेले.
लिहिलं तिनं.
मग पऱ्या ओलांडल्यावर मीच थांबलो.
"थोटीचं पण लिही."
रकाना तेवढा मोठा नव्हता. तिनं समासात लिहिलं, आडवं.

आता उजाडताना बंदूक घेऊन गडग्यावर उभा राहतो.
आधी मोजतो, मग बार.
बायको म्हणते, तेवढ्यात दोन नारळ जातात.
जातात.

काल बावीस. आज बावीस.
फाटका कान आहे. म्हातारी आहे,
माझ्याकडे बघत कोवळी पोफळ चावतेय.
पाइपात पाणी घातलंय,
आणि मी अजून तारेखालच्या
त्या फांदीकडे बघतोय.