खुलासा, पान चार

राजमल्लू चिप्पा आला तेव्हा
गावची आवृत्ती सुटून गेली होती.
पिशवीतून ऑडिटचा कागद काढला, मग कात्रण,
ते टेबलावर तळहातानं सपाट केलं
आणि चादरी मोजायचा टेप सोडून
आमच्या मथळ्याची उंची घेतली.
‘पावणेदोन इंच,’ म्हणाला.
‘लई मोठं छापलाव की ओ.’

‘चिप्पांनी पतसंस्थेचे सतरा लाख गिळले.’
‘कथित’ कॉलमात बसत नव्हता.
मीच काढला.

साखर पेठेत एका माडीवर
तो जॅकार्डची कार्डं पाडायचा.
भोकामागून भोक,
चादरीच्या काठावर नवरानवरीची नावं त्याच्या हातची.
म्हणाला, ‘कार्डं पालथी लागली
की अक्षर उलटं येतंय.
मग मी कार्डं बदलतो.
पण तवर गेलेल्या चादरी
लोकं पांघरून झोपायलेत की.’

कोर्टात जा, म्हटलं मी.
असं आम्ही सगळ्यांनाच सांगायचो,
त्यात आमचंच धैर्य दिसायचं.
तो हसला नाही.
थोरलीला बघायला आलेले लोक
अशोक चौकातून माघारी फिरले होते,
ते कुठल्या कलमात बसतं, एवढंच विचारलं.
आणि तेवढ्याच टायपात छापा, म्हणाला,
जास्त नको.

छापलं.
पान चार, तळाला,
हरवलेली गुणपत्रिका आणि बोअर मारून मिळेल
यांच्या मध्ये, आठ पॉइंटात, ‘नजरचुकीने’.
त्यातही चिप्पाचा चिपा झाला.

मग आम्ही अध्यक्षांवर लिहिलं.
खरं. तारखांसकट, बँकेच्या शिक्क्यासकट.
सतरा लाख होटगी रोडवर
मंगल कार्यालयाच्या संगमरवरात गेले होते.
तिसऱ्या दिवशी नोटीस आली, पाच कोटींची.
मालकांनी शून्यं बोटानं मोजली,
दोनदा.
रात्री दहाला मला आत बोलावलं.

सकाळी पहिल्या पानावर, चौकटीत,
अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोखाली
आमची दिलगिरी.
मथळा मीच लावला.
किती इंच, ते विचारू नका.

आता निवृत्त आहे. खटला एकही झाला नाही
ना खऱ्यावर, ना खोट्यावर.
मागच्या थंडीत मंगळवार बाजारात
सेकंडची चादर घेतली, स्वस्त पडली.
काठावर कुणाचं तरी नाव आहे,
त्यात एक अक्षर उलटं.

ती बाजू मी पायांकडे ठेवतो.
कधी रात्री चुकून डोक्याकडे येते,
आणि दिवा चालू असला
तर आतून वाचता येतं :
नाव सगळं उलटं होतं
आणि ते एकटं अक्षर
सुलटं.