सहा सेंट

दर-अर्ज चारशे बारा पानांचा.
विमा कंपनीला हवीय साडेअकरा टक्के वाढ,
आणि कारणं अशी सुबक रचलेली
की वाचताना मलाच वाटतं, बिचारी कंपनी.

मी राज्य सरकारची तपासनीस.
माझ्याकडे तक्ता क्रमांक नऊ:
प्रत्येक डॉलरमधले किती सेंट
साध्या डॉक्टरकडे जातात,
तो जो घसा बघतो, वजन करतो,
झोप लागते का विचारतो.
सहा. मागच्या वर्षीही सहा.
नियम म्हणतो, दहा हवेत.
तळटीप म्हणते, प्रयत्न चालू आहेत.

सुनावणी वूनसॉकेटच्या वाचनालयात,
मंगळवारी संध्याकाळी. बाहेर बर्फाचा चिखल.
चाळीस खुर्च्या, अकरा माणसं,
त्यातले चार कंपनीचे वकील. चौघांचे बूट कोरडे.

लुसिएन थिबो आधी बोलला. छपरं दुरुस्त करतो.
हप्ता घरभाड्याच्या पुढे गेलाय, म्हणाला,
आणि एकदम खाली बसला.
वाक्य उभंच राहिलं.

मग इल्डा मोंतेरो.
डॉक्टर बोलॅकच्या दवाखान्यात एकतीस वर्षं
फोन उचलणारी. दवाखाना ऑक्टोबरात बंद.
तिनं एकही टक्का उच्चारला नाही.
पिशवीतून भेटींची वही काढली
आणि नावांवर अंगठा ठेवून वाचत गेली:

सव्वानऊ. कानात मळ. खरं तर बायको गेल्यापासून एकटा.
साडेनऊ. बीपी. गोळी अर्धी करून खातो, कबूल करत नाही.
पावणेदहा. काही नाही. नुसती येते. येऊ द्यावं.

वकिलानं हरकत घेतली,
हे पुराव्यात कसं धरायचं?
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं.
मी तक्ता नऊकडे.
'येऊ द्यावं' याला रकाना नव्हता.

निकाल मार्चमध्ये लागला.
साडेअकराचे साडेनऊ.
सहा सेंटांचे सात, तेही दोन वर्षांत.
पेपरात मथळा: राज्यानं विमा कंपनीचे कान उपटले.
मला तो सव्वानऊचा कान आठवला.
आता आत कोण डोकावतंय त्याच्या?

परवा जिना चढताना चक्कर आली.
माझं विम्याचं कार्ड चांगलं, सरकारी नोकरीचं.
पाच दवाखान्यांना फोन केले.
नवे पेशंट सध्या घेत नाही.
नवे पेशंट सध्या घेत नाही.
एकीकडे तर नुसतं संगीत, बावीस मिनिटं,
आणि मग तेही तुटलं.

सहाव्यानं सप्टेंबर दिला.
आवाज ओळखीचा वाटला, विचारलं नाही.
तिनं नाव घेतलं, जन्मतारीख, विमा कोणता,
आणि मग, मध्येच,
सकाळपासून काही खाल्लंत का?

नाही, म्हणाले मी.
पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला.
कुठल्या रकान्यात, कोण जाणे.