दांड्यावर आणखी कोण?

यंत्र पुन्हा मेलं.
या खेपेला एकसष्ट टक्क्यांवर,
त्याआधी सदतीसवर, त्याआधी नऊवर.
पडदा निळा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत
माफीनाम्यासारखं काहीतरी.
दर वेळी एकाच जागी मेलं असतं
तर म्हणालो असतो, फाइल खराब आहे.
पण हे वाटेल तिथे मान टाकणं,
म्हणजे दुखणं हाडात आहे.

लग्न खाशुरीचं, नवरी थेओना.
रविवारी तिच्या मामाच्या हातात व्हिडिओ पडायला हवा.
ऐंशी टक्क्यांपाशी एक म्हातारा
वाइननं भरलेलं शिंग घेऊन उठतो,
गेलेल्यांच्या नावानं प्यायला.
मी अजून त्याच्यापर्यंत पोचलेलोच नाही.
तीन दिवस तो तसाच उभा आहे, हात वर करून.

प्रोसेसर लिलोच्या बाजारातला, वापरलेला.
विकणारा म्हणाला होता, चढतो हा, बिनधास्त चढव.
चढवला. दोनशेचे दोनशे चाळीस.
नवा घ्यायचा तर आठ लग्नं लागली असती,
आणि फेब्रुवारीत रुस्तावीत लग्न कोण करतं?

मग सुरू झालं माझं वैद्यकशास्त्र.
व्होल्टेज एक पायरी वर. मेलं.
आणखी एक पायरी. मेलं, फक्त जास्त गरम होऊन.
जुनी पेस्ट खरवडली, नवी लावली,
तांदळाच्या दाण्याएवढी, मग वाटाण्याएवढी.
डब्याची बाजू उघडली, खिडकी उघडली,
कठड्यावर वीतभर बर्फ,
मी टोपी घालून आत, आणि यंत्र बावन्न अंशांवर
थंडगार मेलं.
झुराबकडून पॉवर सप्लाय उसना आणला.
त्याचाही उपयोग नाही.
दोनशे दहावर आणलं तेव्हा चार तास जगलं.
दोनशे दहासाठी काय कुणी एवढा जीव काढतो?

रात्री अडीचला बाबा पाणी प्यायला उठले.
सव्वीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात, लाटणाऱ्या रुळांवर.
माऊसला हात लावत नाहीत, चावेल म्हणून.
खिडकी लाव, म्हणाले.
मग स्टूल ओढून बसले आणि विचारलं,
‘वाढवलंस ते नक्की काय?’
मी सांगितलं. मूळ ठोका. त्यावरून याचा वेग निघतो.
‘याचाच? एकट्याचा?’
मी गप्प.

‘आमच्याकडे एका दांड्यावर चार रूळ फिरायचे.
साहेब यायचा, म्हणायचा वेग वाढवा.
पहिला रूळ नवा, तो मजेत धावायचा.
चौथा म्हातारा.
पट्टी लालभडक, मधेच कमान करून उभी राहायची
आणि आम्ही पळत सुटायचो.
वर्षभर आम्ही पहिल्यालाच शिव्या घातल्या.
बिचो, तुझ्या या दांड्यावर
आणखी कोण आहे?’

मेमरी.
हिरवी, पातळ, स्वस्तातली,
दोन पट्ट्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या.
तिला कुणी काही विचारलं नव्हतं.
मी प्रोसेसरचे ठोके वाढवले
आणि ती आठशेची, बिचारी
नऊशे साठनं फरफटत होती,
कुठलातरी एखादा आकडा हातातून निसटेपर्यंत.

सेटिंगमध्ये तिला एक पायरी खाली आणली.
सहाशे सदुसष्ट निवडलं.
वाढलेल्या ठोक्यानं त्याचे बरोबर आठशे झाले,
तिचा स्वतःचा, तिला झेपणारा वेग.
व्होल्टेज जिथल्या तिथे ठेवलं.

नऊ गेलं.
सदतीस गेलं.
एकसष्टपाशी मी श्वास धरला, बाबांनी जांभई दिली.
पावणेपाचला म्हातारा आला,
कोपऱ्यातल्या छोट्याशा चौकोनात.
शिंग तिरकं केलं आणि प्यायला, सगळं,
दाढीवर ओघळ येईपर्यंत.
बाबा हलक्या आवाजात म्हणाले, ‘गाऊमार्जोस.’
कुणाच्या नावानं, ते मी विचारलं नाही.

एक्क्याण्णव टक्क्यांवर
अख्ख्या ब्लॉकची वीज गेली.

पंखा थांबत गेला. लिफ्टमध्ये कुणीतरी
आपल्या नाण्याला आणि सरकारला शिव्या देत होतं.
अंधारात बराच वेळ आम्ही दोघं तसेच.
मग स्टूल करकरलं.
‘यात मात्र,’ बाबा म्हणाले,
‘तुझी काही चूक नाही.’