कूस बदलताना

रात्री तीनदा उठावं लागतं.
तीनदा म्हणजे सहादा,
परत पडायचंही असतंच.
खाली, पुढच्या हाडात, दोन्ही बाजू जिथे येऊन भेटतात
तिथे रेच्यात सापडलेल्या बोंडासारखी मी:
सरकी इकडे, रुई तिकडे.

सांगणार कोणाला, जागाच तशी.
सासूबाईंना म्हटलं, कंबर दुखते.
"कंबर तं साऱ्याइचीच दुखते," म्हणाल्या
आणि दळणाचा डबा स्वतःच उचलून गेल्या.

उपकेंद्रात कुमरे सिस्टरनं
नेमकं बोट ठेवून विचारलं, इथं?
मला रडू आलं. दुखलं म्हणून नाही.
"सांधे ढिले होतात वं, वाट करतात लेकराले.
पण तू एका पायावर कायले उभी राह्यतं?
परकर बसून घाल.
उंबऱ्यावर लांब टांग टाकू नोको.
कूस पालटताना गुडघे जुळव,
दोन पाय नाही, एकच हाये समज.
अन् पाय बधिर झाले, अंगावरून गेलं,
तं सकाळची वाट पाहू नोको, फोन कर."

शाळेत मी खिचडी शिजवते, बासष्ट पोरांची.
आता गंज उतरवायला मास्तर येतात.
विळी सुटली. सातवीच्या बाकावर बसून
चाकूनं कांदा चिरते,
बाकावर कोणीतरी कोरलेलं 'मयुरी'
माझ्या कांद्याखाली ओलं होतं.

दिवाकर मोटारी भरतो, तांब्याची तार गुंडाळून.
त्यानं गोधडीची घट्ट वळकटी केली,
गुडघ्यांमध्ये ठेवून विचारलं, "ढिली तं नाही?"
जसं गिऱ्हाइकाला विचारतो.

आणि परवा सासूबाईंनी जुनं लुगडं काढलं.
उभं घडी घातलं, चार बोटं रुंद.
मी कंबरेवर धरलं तर म्हणाल्या,
"वर नाही. खाली. आणखीन खाली."
नेमकं तिथे, खुब्यांवरून,
श्वास अडणार नाही इतकंच आवळून गाठ मारली.
ती जागा मी त्यांना सांगितलीच नव्हती.

गाठीशी हात तसाच ठेवून बोलल्या,
"दिवाकराच्या वक्ती मी भित धरून चालो.
लोकं म्हनत, नखरे करते."
मग चुलीकडे गेल्या.
दूध उतू गेलं नव्हतं, तरी गेल्या.

रात्री मी गुडघे जुळवते,
खांदा, कंबर, पाय सगळं एकदम वळवते,
बैलगाडी अरुंद पांदणीत फिरवावी तसं, सावकाश.
मी कूस बदलते,
आणि कुशीत कोणीतरी
जरा उशिरानं, आपलीही बदलून घेतं.

दुखतं अजून.
पण तीनदा म्हणजे आता
चारदा, फार तर.