दुसरी भरती

मिनासच्या खाडीत समुद्र पाच मजले उतरतो.
होड्या चिखलात कुशीवर निजतात.
धक्क्याच्या खांबांवरचं शेवाळ वाळत नाही,
तेवढी उसंतच मिळत नाही त्याला.

ओदिल कोमो, वय एकोणसत्तर,
मांडीपर्यंतच्या बुटांत वाकलेली,
काट्यानं चिखल उलटते,
तिसऱ्या उकरून बादलीत टाकते: टण्, टण्, थप्प.

नात विचारते,
"चंद्र तर एकच. मग दिवसाला भरत्या दोन कशा?"

ओदिल कंबर सरळ करते. वेळ घेते.
"समोरचं पाणी तो जास्त ओढतो, हे कळतं ना?
पृथ्वीलाही ओढतो, जरा कमी.
आणि पलीकडचं, पाठीमागचं पाणी,
तिथवर पोचेस्तो ओढ पातळ होते.
पृथ्वी त्याच्या खालून पुढे सरकते,
ते राहतं मागे.
मागे राहिलेलंही फुगतं, पोरी."

लुसेतचा बाप अल्बर्टात, तेलाच्या कामावर.
फोन रविवारी. कधीकधी.

ती बोलत नाही. चिखलात टाच फिरवते,
खळग्यात पाणी झिरपतं.

लांब एक करडी रेघ हलायला लागलीय.
ही खाडी नरसाळ्यासारखी, आत येईल तशी चिंचोळी,
आणि टबातल्या पाण्यासारखी तालावर डुचमळणारी,
म्हणून भर समुद्रातली हातभर भरती
इथे धक्का बुडवते.

"चल," ओदिल म्हणते, "उद्या पन्नास मिनिटं उशिरा यायचं.
चंद्र रोज तेवढाच रेंगाळतो."

बादली दोघींच्या मध्ये,
लुसेतच्या बाजूला जरा कललेली.