दंडाचं लुगडं

आजोबा झिपरू, बऱ्हाणपूरकडचे,
दुसऱ्याच्या रानात अर्धेलीनं कापूस करायचे.
बी मालकाचं, बैल मालकाचे,
पाठ तेवढी घरची.
वेचणी झाली की दोन ढीग पडत.
आपल्या ढिगातून मग बियाणं वजा, वैरण वजा,
आजीच्या बाळंतपणाला उचललेले अकरा रुपये वजा,
त्यांचं व्याज वजा.
उरे तो अत्तराच्या फायाएवढा कापूस,
आणि अत्तर कुठलं!

वडील म्हणाले, आता कापसाचं तोंड पाहणार नाही,
आणि इंदूरला आले
कापडाच्या गिरणीत.

सव्वा वर्ष बदलीवर.
भोंग्याआधी फाटकाशी उभं राहायचं
जॉबरची नजर पडेल अशा बेतानं.
नाही पडली तर पाटनीपुऱ्याला चालत परत,
डबा न उघडता.
तोच डबा आई रात्री वाढायची.
कुणी काही विचारायचं नाही.

मग साचे मिळाले. दोन.
तुटला धागा डोळ्याला डोळा लागून निसटला
तर तागा डागी,
डागी तागा विणणाऱ्याच्या माथी,
किंमत पगारातून.
वहीत त्याला दंड म्हणत.

त्यामुळे घरात कापड पुष्कळ.
खिडकीला पडदा, उशांना अभ्रे,
भावाची चड्डी नि माझा परकर एकाच चुकीतून बेतलेले.
शेजारची गेंदाबाई म्हणायची,
सुपडूच्या घरी ज्वारी नसंल, झालर हाये.
लुगड्यापुरतं सलग मात्र कधी आलं नाही.
आई दोन तुकडे जोडायची.
त्या शिवणीलाही आपल्यात
दंडच म्हणतात.

आजोबा एकदाच आले, भोंग्याला दचकले.
पडद्याचं टोक दोन बोटांत चोळत बसले बराच वेळ,
मग म्हणाले, हा आपल्याकडचाच कापूस. आखूड धाग्याचा.
आणि थोड्या वेळानं,
इथं वाटा कसा असतो रे?
वडिलांनी कंदिलाची वात खाली केली.
तेल पुरवायचं होतं, हेही खरं.

आईच्या माघारी ट्रंकेत ते लुगडं निघालं.
विटलेलं, दंडाची शिवण तेवढी शाबूत.
शिवणीच्या खाली चार बोटं
एक धागा नाही.
वडील असे, तेव्हा अशा रेघेवर बोट ठेवून सांगायचे:
ही तुझ्या गोवराची रात्र.
ही संपानंतरची पहिली पाळी.
आणि हीबद्दल काही आठवत नाही बुवा,
नुसतीच झोप आली असंल.

ही चार बोटं कुठल्या रात्रीची
ते विचारायचं राहिलं.