दुसरा हात

हेडाऊ सरांनी पहिल्या रविवारी अंडं काढायला दिलं.
पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं,
आणि हाताशी फक्त काळी शाई.
मी कडा काढली, गोल, घट्ट.
तर म्हणाले, "अंड्याले अशी तार गुंडाळली राहते का, बाई?"

पाचपावलीतली गच्चीवरची खोली. एप्रिल.
कूलरच्या वाळ्याचा ओला वास,
आणि खाली त्यांच्या भावाचा शेवटचा यंत्रमाग.
त्याचा खटका टेबलाच्या पायातून वर चढायचा,
निबेला लागायचा.
थांबू नका, म्हणायचे, त्याच्याच ठेक्यात ओढा.
घरात सगळे ताण्याबाण्याचे;
हे एकटेच निघाले कॉलेजात,
तीस वर्षं किड्यांचे पाय काढत बसले.

मी मेडिकलला एक्स-रे काढते. सव्वीस वर्षं.
माझ्याकडे हाड पांढरं, हवा काळी.
श्वास घ्या, रोखा, सोडा.
तेवढ्यात सावली तयार.
इथे पोस्टकार्डाएवढ्या सावलीला तीन रविवार.

पहिला हात: सगळ्या रेषा एका कलाने,
मनगटातून नाही, कोपरापासून.
अडलं तर कागद फिरवायचा.
दुसरा हात त्यांच्यावरून, तिरपा.
काटकोन नको, खिडकीची जाळी होते;
मध्ये शंकरपाळ्यासारखी फट राहिली पाहिजे,
उजेड तिथूनच येतो.
तिसरा हात, जिथे खरंच अंधार आहे तिथेच.
आणि पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही.

मी एकदा घाई केली.
अंड्याच्या पोटाखाली शाईचं डबकं.
"काऊन एवढी घाई करून राहिल्या?
काळं करू नका.
काळं होऊ द्या."

मग स्टीलचा पेला. मग कांदा,
ज्याच्या रेषा त्याने स्वतःच आखून ठेवल्या होत्या
तरी मला चुकवता आल्या.
संत्रं मागितलं तर नाही म्हणाले.
सालीला ठिपके लागतात, ते पुढच्या वर्षी.

मे संपता संपता सर जिन्यावरून पडले.
स्ट्रेचर माझ्याच खोलीत आलं.
मी पाय सरळ केला, तळव्याला वाळूची पिशवी लावली.
"सर, हलायचं नाही."
"कडा नका काढू," ते म्हणाले, डोळे मिटून.

पडद्यावर खुबा उमटला.
असे हजारो पाहिले असतील मी,
पाहिले म्हणजे, सरळ आला का, कापला तर नाही ना, एवढंच.
आज दिसलं की आत कुणीतरी बसून रेषा ओढल्यात.
गोळ्यापासून खाली उतरणाऱ्या, वजनाच्या वाटेने,
एका कलाने, कोपरापासून.
आणि त्यांच्यावरून कमानीसारख्या वळलेल्या दुसऱ्या,
त्या पुसट.
काही ठिकाणी नव्हत्याच.
पहिला हात तेवढा शिल्लक, ठळक, एकटा,
जसा कागद मी अर्धवट सोडून चहाला उठते तसा.
आणि मानेशी एक काळी रेघ.
आडवी, स्वच्छ,
एका दमात ओढलेली.

"काय दिसलं?"
डॉक्टर सांगतील, मी म्हणाले.
सव्वीस वर्षांचं वाक्य, ते आपोआप येतं.
"तसं नाही हो. वीण कशी आहे?"

मशीन दुसऱ्या बाजूला वळवत होते मी.
हातात कॅसेट. बाहेर रांग.
कुणाचं तरी पोर दाराच्या काचेवर नाक दाबून.

"शंकरपाळे मोठे झालेत, सर."

ते हसले.
हसताना कळ आली, तरी हसले,
आणि हलले.
फोटो पुन्हा घ्यावा लागला.